लॅटिनमध्ये 'जिंकून', 'बोलून' लिहिताय? मग या चुका टाळा

लॅटिन शिकताना मराठी मुलं पार्टिसिपलमध्ये (क्रियापदापासून बनलेल्या विशेषणात) अडकतात आणि माझ्या मते त्याचं मूळ आपल्या 'ऊन'मध्ये आहे. 'शहर जिंकून सीझर परतला' असं वाक्य आलं की लगेच 'उर्बेम कपियेन्स' लिहून मोकळे होतात. पण कपियेन्स म्हणजे 'जिंकत असताना', म्हणजे शहर अजून पडलेलंच नाही.

मग वाटतं भूतकाळ आहे ना, कप्तुस लावू. तर 'काएसर कप्तुस' म्हणजे पकडला गेलेला सीझर! हे रूप कर्मणी आहे, संस्कृतच्या 'जित'सारखं. संस्कृतात जित्वा किंवा जितवान् म्हणून काम भागतं, लॅटिनमध्ये साध्या क्रियापदांना ती सोयच नाही, म्हणून वाक्य फिरवावं लागतं: उर्बे कप्ता काएसर रेदिइत, म्हणजे 'शहर जिंकलं गेल्यावर सीझर परतला'. नाम आणि पार्टिसिपल दोन्ही अ‍ॅब्लेटिव्हमध्ये (लॅटिनची एक विभक्ती, साधारण आपल्या पंचमीसारखी). शाळेत संस्कृतची सतिसप्तमी केली असेल तर हे पटकन कळेल, फक्त विभक्ती वेगळी.

आता यातली खरी मेख. 'शहर जिंकून त्याने ते जाळलं' असेल तर उर्बे कप्ता नको, कारण शहर हेच पुढच्या क्रियापदाचं कर्म आहे, तिथे सरळ उर्बेम कप्तम इन्केन्दित, 'जिंकलेलं शहर जाळलं'. हे मला फार सुंदर वाटतं, दोन क्रिया एका छोट्या वाक्यात बसतात.

डिपोनंट क्रियापदं मात्र वेगळी, रूप कर्मणी पण अर्थ कर्तरी, लोकूतुस म्हणजे चक्क 'बोलून'. ती यादी पाठच करा.

रूपं चालवताना संस्कृतचं गच्छन्-गच्छन्ती डोक्यात ठेवू नका. अमान्स ('प्रेम करणारा') हे प्रथमेच्या एकवचनात तिन्ही लिंगांना चालतं, वेगळं स्त्रीलिंगी रूप शोधत बसू नका. नपुंसकात द्वितीयाही अमान्सच, अमन्तेम नाही, आणि अनेकवचन अमन्तिआ. अ‍ॅब्लेटिव्ह एकवचनात पार्टिसिपल म्हणून वापरलं तर शेवटी 'ए', नुसतं विशेषण असेल तर 'ई'.

आणि न्त-न्द बघून वाचा. अमन्तेम म्हणजे 'प्रेम करणाऱ्याला', अमन्दुम म्हणजे 'ज्याच्यावर प्रेम करायला हवं त्याला'. मिटिंगचा अजेंडा म्हणतो ना आपण, त्यातला 'न्द' हाच, 'करायच्या गोष्टी'. रोमन नेता केटोच्या नावावर चालणाऱ्या 'कार्थागो देलेन्दा एस्त'मध्येही तोच, कार्थेज नष्ट करायलाच हवं, आणि कार्थागो स्त्रीलिंगी म्हणून देलेन्दुस नाही, देलेन्दा.