टोपणनाव घेताय? आधी त्याला ‘ची’ लावून बघा

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात मी एकवीस वर्षं ग्रंथपाल आहे. त्यातली सोळा वर्षं दुसऱ्या नावानं कथा लिहिते. ते नाव इथं सांगणार नाही, कारण ज्या कारणासाठी ते घेतलं ते कारण अजून संपलेलं नाही. पण ते कसं ठरवलं, त्याआधीची दोन नावं का सोडली आणि नाव घेतल्यावर कुठले कागद करून ठेवावे लागतात, ते सगळं सांगते. दर वर्षी दोन-तीन पोरंपोरी देवघेवीच्या टेबलाशी घुटमळतात, वही पुढं करतात आणि हळूच विचारतात, “मॅडम, टोपणनाव काय घेऊ?” त्यांना मी जे तुकड्यातुकड्यानं सांगते, ते हे.

मी आधी त्यांनाच विचारते, नाव कशासाठी पाहिजे? बरेच जण गप्प होतात. आपलं नाव साधं आहे, लेखकाचं वाटत नाही, एवढंच कारण असेल तर थांबा. ‘कुलकर्णी’ हे किती साधं आडनाव, पण आमच्याकडचे वाचक “जी. एं.चं काहीतरी द्या” म्हणतात तेव्हा मागं आडनाव लागतच नाही. चांगल्या कथेनं साधं नाव मोठं होतं. खरं कारण असेल तर मात्र ते वहीत एका ओळीत लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरून ठरतं.

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा लेखिकेचं नाव छापलं होतं विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्या कथांत इतकं उघड आलं होतं की मोठं वादळ उठलं, आणि ही बाई कोण याचे तर्क सुरू झाले. आपण ज्यांना मालती बेडेकर म्हणून ओळखतो त्या, तेव्हाच्या बाळूताई खरे, त्या नावाच्या आड उभ्या होत्या. हे संरक्षणासाठी घेतलेलं नाव. दगडू मारुती पवार ‘दया पवार’ झाले, त्याची गोष्ट वेगळी. ‘बलुतं’ या त्यांच्या आत्मकथनात तर दगडू आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकाच माणसाची दोन नावं समोरासमोर बसलेली आहेत आणि पुस्तकाचा सगळा ताण तिथं आहे. नाव घेण्याआधी ते पुस्तक वाचा असं मी प्रत्येकाला सांगते.

माझं कारण घरचं होतं. एकत्र कुटुंब, तीन जावा, आणि माझ्या कथा चुलीपासून वाटणीपर्यंतच्या. कुणीतरी स्वतःला त्यात शोधणार आणि घरातलं बोलणं बंद पडणार, याची मला खात्री होती. शिवाय ज्या दिवाळी अंकात माझी कथा येणार, तोच अंक वाचनालयासाठी विकत घेणार मीच. कार्यकारिणीत उद्या कुणी बोट ठेवलं तर?

कारण ठरलं की नावाकडं वळायचं. इथं माझं एक ठाम मत आहे. कवीचं टोपणनाव आणि कथाकाराचं टोपणनाव या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडची टोपणनावांची परंपरा मुख्यतः कवींची. कृष्णाजी केशव दामले केशवसुत झाले, म्हणजे केशवाचा मुलगा. शिरवाडकर कुसुम नावाच्या बहिणीचे थोरले भाऊ म्हणून कुसुमाग्रज. ठोंबरे बालकवी, गुप्ते ‘बी’, आत्माराम रावजी देशपांडे अनिल, माणिक गोडघाटे ग्रेस. ही नावं ऐकून नव्या मुलांना वाटतं की आपणही असंच काहीतरी ‘-सुत’, ‘-अग्रज’ जोडून घ्यावं. पण नीट पाहा. ‘नटसम्राट’वर नाव आहे वि. वा. शिरवाडकर. ‘जोगवा’ या कवितासंग्रहावर आरती प्रभू आणि त्याच लेखकाच्या ‘कोंडुरा’ या कादंबरीवर चिं. त्र्यं. खानोलकर. गडकरी कवितेला गोविंदाग्रज, विनोदी लेखांना बाळकराम आणि नाटकांना राम गणेश गडकरी. या तिघांनीही कवितेचं नाव बाजूला ठेवलं आणि माणसांची गोष्ट सांगताना माणसाचं नाव लावलं.

ज्या गद्यलेखकांनी नाव बदललं त्यांचंही बहुतेक असंच. द्वारकानाथ माधव पितळे यांनी स्वतःच्या नावातला ‘नाथ’ आणि वडिलांचं ‘माधव’ घेऊन ‘नाथमाधव’ केलं. परभणीचे भगवान रघुनाथ कुलकर्णी ‘बी. रघुनाथ’ झाले. दिवाकर कृष्ण केळकर यांनी फक्त आडनाव गाळलं. ही नावं हाक मारता येतील अशी आहेत. कथेत वाचक एका माणसावर विश्वास टाकून त्याच्या मागून चालत असतो, आणि त्या माणसाचं नाव ‘शब्दगंध’ असेल तर मला तो विश्वास टाकणं जड जातं. अपवाद आहे आणि तो मोठा आहे. सानिया, म्हणजे सुनंदा बलरामन, यांनी एकाच शब्दाच्या नावावर कथा-कादंबरीचं अख्खं दालन उभं केलं. पण ‘सानिया’ हेही मुलीला ठेवता येणारं नाव आहे, हे विसरू नका.

आता ‘ची’ची परीक्षा. मराठीत नाव एकटं राहत नाही, त्याला प्रत्यय लागतो, आणि तिथंच पुष्कळ सुंदर नावं मोडतात. समजा तुम्ही ‘पाऊस’ हे नाव घेतलं. वाचक विचारणार, “पावसाची कथा आहे का?” मी हवामानाच्या गोष्टी काढून देणार. ‘मृद्गंध’ घेतलं तर ‘मृद्गंधची’ म्हणायचं की ‘मृद्गंधाची’? सामान्यनाम असेल तर त्याचं रूप बदलतं, माणसाचं नाव सहसा तसंच राहतं; म्हणजे तुमच्या नावाचं काय करायचं हे प्रत्येक वाचक वेगळं ठरवणार. ‘संध्याची कथा’ ही बाईची होते आणि ‘संध्येची कथा’ म्हटलं की सूर्य मावळतो. म्हणून कागदावर चार वाक्यं लिहा: अमुकची कथा वाचली का, अमुकनं काय लिहिलंय, अमुकांना पुरस्कार मिळाला, अमुक यांचा नवा कथासंग्रह. मग मोठ्यानं वाचा, आणि घरातल्या कुणाकडून तरी वाचून घ्या. ते अडखळले तर नाव गेलं. माझं पहिलं नाव असंच गेलं. ते रात्री फुलणाऱ्या एका फुलाचं होतं. संपादकांनी कथा ठेवून घेतली आणि पोस्टकार्डावर लिहिलं, “नाव बदलता आलं तर पाहा.” त्यांनी कारण दिलं नाही. मला ते वर्षभरानं कळलं, एक वाचक माझ्यासमोर ते नाव विचारताना तीनदा अडखळला तेव्हा.

आडनावावर जरा थांबते, कारण महाराष्ट्रात आडनाव सांगितलं की समोरचा मनातल्या मनात जात शोधायला लागतो. हे कुणाला आवडो न आवडो, टेबलाच्या या बाजूला बसून मी ते रोज पाहते. आडनाव वाचून पुस्तक परत ठेवणारे वाचक मला माहीत आहेत. तुम्हाला आडनाव बदलायचं असेल तर कुणा दुसऱ्या समाजाचं ठळक आडनाव लावू नका. उद्या ओळख उघडी झाली की कथेतलं तुमचं खरेपणच संशयात येईल. गावावरून केलेलं ‘-कर’ आडनाव हा जुना आणि सभ्य मार्ग आहे, ‘शिरूरकर’ तसंच. मात्र गाव असं घ्या की त्याच्याशी तुमचं काही नातं आहे. माझ्या नावात आजीचं पाळण्यातलं नाव आहे आणि तिच्या माहेरचं गाव. सोळा वर्षांत एकदाही ते उसनं वाटलं नाही. किंवा आडनाव गाळून वडिलांचं, आईचं नाव लावा. आईचं नाव लावणारी मुलं आता माझ्या टेबलाशी येतात आणि मला त्याचा फार आनंद होतो.

बाईनं पुरुषाचं नाव घ्यावं का? मी घेतलं नाही. चुलीजवळची गोष्ट बाईच्या नावानं आली पाहिजे असं मला वाटलं. आद्याक्षरं लावून प्रश्न मोकळा ठेवता येतो, तोही चांगला रस्ता आहे.

नाव पक्कं करण्याआधी शोध घ्या. इंटरनेटवर देवनागरीत टाका, मग रोमन अक्षरांत जितक्या प्रकारे लिहिता येईल तितक्या प्रकारे. ‘ळ’ आणि ‘ल’ तिथं एक होतात, ‘ण’ आणि ‘न’ही. ‘ज्ञ’ तर तीन-चार तऱ्हांनी लिहितात, म्हणजे वाचकाला तुम्हाला तीन-चार ठिकाणी शोधावं लागणार. माझं दुसरं नाव ‘ज्ञ’नं सुरू होत होतं, म्हणून सोडलं. तसंच ऱ्हस्वदीर्घाची जोखीम असलेलं नाव नको. छापखान्यात एकदा चुकलं की पुढच्या अंकात तेच चुकीचं रूप उतरतं. त्यानंतर एखाद्या जुन्या वाचनालयात जाऊन विचारा, या नावाचं कुणी आधी लिहीत होतं का. पन्नास वर्षांपूर्वीचे लेखक इंटरनेटवर नसतात, आमच्या दाखल नोंदवहीत असतात. आता पुस्तकं ऐकलीही जातात, तेव्हा डोळे मिटून नाव ऐकलं तर लिहिता येईल का, तेही बघा.

आता कागद. टोपणनावासाठी राजपत्रात नाव बदलावं लागत नाही. तुमचं कायद्यातलं नाव तेच राहतं, आणि म्हणूनच पैसे त्याच नावानं यायला हवेत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या मानधनाचा आठशे रुपयांचा धनादेश टोपणनावानं आला, बँकेनं घेतला नाही. बदलून मागायला मला लाज वाटली. धनादेशाला मुदत असते, आता तर तीनच महिने. ती निघून गेली. ते आठशे रुपये अजून सलतात, रकमेसाठी नाही, तर मी मागितले नाहीत म्हणून. तुम्ही असं करू नका. कथेच्या पहिल्या पानावर टोपणनाव लिहा आणि सोबतच्या पत्रात स्वच्छ लिहा: “लेखनासाठीचे नाव अमुक, मानधनासाठी व पत्रव्यवहारासाठी खरे नाव तमुक, कृपया खरे नाव छापू नये.” मोबाइलवरून पैसे आले तर पाठवणाऱ्याला बँकेतलं नाव दिसतं हेही ध्यानात असू द्या. ईमेल मात्र पहिल्या दिवसापासून वेगळा काढा.

पुस्तक निघत असेल तर करारात दोन्ही नावं हवीत. प्रताधिकार कायदा १९५७ मध्ये एक गोष्ट आहे जी पुष्कळ लेखकांना ठाऊक नसते. खऱ्या नावानं छापलेल्या पुस्तकाचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. टोपणनावाचं पुस्तक असेल आणि लेखक कोण हे उघड झालेलंच नसेल, तर साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. म्हणजे २०२६ साली टोपणनावानं आलेल्या पुस्तकाचा हक्क २०८६ अखेर संपेल. लेखक २०७६ साली गेला आणि ती मुदत संपण्याआधी त्याची ओळख जाहीर झालेली असली, तर तोच हक्क २१३६ अखेरपर्यंत चालेल. पन्नास वर्षांचा फरक, आणि तो तुमच्या मुलाबाळांचा. ओळख आज सांगू नका, पण केव्हा आणि कुणी सांगायची हे ठरवून ठेवा.

सरकारी नोकरीत असाल तर सेवाशर्ती वाचा. टोपणनावानं तुम्ही नियमांतून सुटत नाही, आणि बदनामीच्या दाव्यातूनही नाही. प्रेमचंदांचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. धनपत राय शिक्षणखात्यात नोकरीला होते आणि ‘नवाबराय’ या नावानं लिहीत. १९०८ चा ‘सोज़े-वतन’ हा कथासंग्रह सरकारला राजद्रोही वाटला, लेखक कोण ते शोधून काढलं गेलं आणि प्रती जाळल्या गेल्या. त्यानंतर त्यांनी ‘प्रेमचंद’ हे नाव घेतलं.

आणि नाव लपवलं तरी भाषा लपत नाही. एका दिवाळीत आमचे निवृत्त गुरुजी अंक परत करायला आले आणि म्हणाले, “मॅडम, ही बाई आपल्याच भागातली बघा. भाजीला ‘माळवं’ लिहिलंय तिनं. आणि ‘वाटणी’ कथेतली धाकटी जाऊ तर मला माहीत असल्यासारखी वाटली.” मी अंकावर परत आल्याचा शिक्का मारला आणि “असेल” म्हटलं. हात थरथरत होता. ‘माळवं’ बदलून पुढच्या कथेत ‘भाजी’ लिहावं, असं त्या रात्री मनात आलं. बदललं नाही. तुम्हीही बदलू नका. गाव, नातं, शेताची जागा, धंदा हे बदला, पण तोंडातला शब्द राहू द्या.

घरात एका माणसाला तरी खरं माहीत असू द्या. माझ्या धाकट्या मुलीला माहीत आहे. कपाटात एक जाड पाकीट आहे. त्यात करारपत्रं आहेत, दोन्ही नावं माझीच आहेत असं माझ्या सहीचं पत्र आहे, आणि कथांची यादी आहे: कथेचं नाव, अंक, वर्ष, छापलेलं नाव, मानधन मिळालं की नाही. दिवाळी अंकाची कथा मी जुलैच्या आत पाठवते. ती गेली की त्याच संध्याकाळी यादीत एक ओळ लिहून पाकीट परत ठेवते.