सर्पगरुड साप खातोय आणि तुमचे फोटो फसतायत? या चुका टाळा

ताडोबात सगळ्यांचं लक्ष वाघाकडे. ऐनाच्या फांदीवर साप घेऊन बसलेल्या सर्पगरुडाजवळ बऱ्याच जिप्स्या थांबतही नाहीत. ज्या थांबतात, त्यातले निम्मे फोटो घाईने वाया जातात. माझेही गेलेत.

पहिली घाई तोंडातूनच बाहेर पडते: "दादा, अजून थोडी पुढे घ्या ना!" नको. पक्ष्याने खाणं थांबवून मान ताठ केली, पिसं अंगाशी घट्ट घेतली किंवा भक्ष्यावर पंखांची छत्री धरली, की आपण आधीच जास्त जवळ आलो आहोत. तो उडाला आणि साप खाली पडला, तर त्याचं जेवण गेलं. तिथेच थांबा, इंजिन बंद करायला सांगा. चोच पुन्हा भक्ष्यात शिरली की कॅमेरा उचला.

इंजिन बंद करायचं दुसरं कारण म्हणजे थरथर. 600 मिमी लेन्सला ती लगेच कळते. गाडीत ट्रायपॉडची अडचणच होते, त्यापेक्षा लेन्स टेकवायला बीन बॅग (दाण्यांनी भरायची पिशवी) बरी. घरून रिकामी न्यायची आणि चंद्रपुरात किलो-दोन किलो तांदूळ भरायचे. परतल्यावर खिचडीला होतात.

आता सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. घरी येऊन फोटो मोठा करून बघावा, तर डोळा दुधाळ, मोतीबिंदू झाल्यासारखा! लेन्स दुरुस्तीला टाकू नका. शिकारी पक्ष्यांना तिसरी पापणी असते. मांस ओढताना डोळ्याला इजा होऊ नये म्हणून ती आडवी सरकते. म्हणजे नेमक्या जोराच्या क्षणी डोळा झाकलेला असतो. तुकडा तुटून मान वर येते तेव्हा पिवळा डोळा उघडा मिळतो. बटण तेव्हा दाबा, पाच-सहा फ्रेमचा छोटा बर्स्ट (सलग फोटो) पुरे. सुरुवातीलाच धडाधड फोटो काढले तर बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो आणि साप गिळायच्या वेळी कॅमेरा अडकून बसतो.

डोळा स्पष्ट पण पंजातला साप धूसर, ही तक्रारही नेहमीची. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 600 मिमी, एफ/5.6 (लेन्सच्या छिद्राचं माप) आणि पक्षी 15 मीटरवर असेल, तर स्पष्टतेची खोली (पुढेमागे जेवढं स्पष्ट येतं ते अंतर) जेमतेम 20 सेंमी मिळते. साप तुमच्या दिशेने लोंबत असेल तर एवढी पुरत नाही. एफ/8 करा, म्हणजे छिद्र लहान होऊन खोली वाढते; उजेड कमी पडेल म्हणून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढू द्या. शटरचा वेग मात्र 1/1000 सेकंदाच्या खाली आणू नका, मानेचा झटका फार वेगवान असतो.

मागे उघडं आकाश असेल तर गरुड काळा ठिक्कर येतो, एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा. पांढऱ्याशुभ्र कापशी घारीच्या मागे गर्द झाडी असेल तर उलट, थोडं कमी करा.

आणि साप पोटात गेला म्हणून लगेच गाडी हलवू नका. पक्षी चोच फांदीवर दोन्ही बाजूंनी घासून पुसतो, पिसं फुलवून अंग झटकतो. तोवर पुढच्या जिप्सीतले लोक वाघाचा माग काढत निघून गेलेले असतात.