इंडेंटेशनवर चालणारी मजकूर-मांडणी: माझा अनुभव

आजीच्या बोलीतील शब्दांचा कोश साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवण्यासाठी मी एक छोटी मांडणी ठरवली: शब्द ओळीच्या आरंभी, अर्थ त्याखाली दोन स्पेस आत आणि उदाहरण आणखी दोन स्पेस आत. कंस आणि बंद करायचे टॅग मी मुद्दाम टाळले, कारण फाइल हाताने लिहिणार होती माझी आई.

पहिला पार्सर (फाइल वाचून तिचे भाग ओळखणारा प्रोग्राम) स्पेस मोजून त्यांना दोनने भागत असे आणि तिथेच घोटाळा झाला. चारऐवजी तीन स्पेस पडल्या की उदाहरण निमूटपणे अर्थ म्हणून नोंदले जाई. मग मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेची रीत उचलली: इंडेंटची, म्हणजे ओळीच्या आरंभीच्या मोकळ्या जागेची, रुंदी स्टॅकमध्ये (एकावर एक रचलेल्या यादीत) ठेवायची, ओळ अधिक आत गेली तर नवी रुंदी वर चढवायची, बाहेर आली तर जुळणारी रुंदी मिळेपर्यंत वरच्या उतरवायच्या, आणि ती मिळालीच नाही तर ओळीच्या क्रमांकासह चूक दाखवून थांबायचे. रिकाम्या ओळी वगळल्या. यॅमल या डेटा लिहिण्याच्या मांडणीप्रमाणे इंडेंटमध्ये टॅबला मनाई केली, कारण त्याची रुंदी एडिटरागणिक बदलते.

तरीही काही ओळी अडत होत्या. वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेल्या मजकुरात नेहमीच्या स्पेसऐवजी नो-ब्रेक स्पेस (जिथे ओळ तुटत नाही असे वेगळे चिन्ह) होती, जी डोळ्यांना वेगळी दिसतच नाही. आता ती आरंभी आढळल्यास पार्सर तिचे नाव घेऊन सांगतो. मूल्ये मी सरसकट मजकूरच मानतो, कारण यॅमल १.१ मध्ये अवतरणाविना लिहिलेला इंग्रजी ‘नो’ शब्द न राहता ‘असत्य’ हे तार्किक मूल्य ठरतो आणि शब्दकोशाला असा अर्थबदल परवडणारा नाही.