घाट चढायच्या आधी: गाडीचं कूलंट कसं तपासावं, कसं बदलावं

सुट्ट्या लागल्या की पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीच्या चढाला बॉनेट उघडून उभ्या केलेल्या गाड्या दिसतात. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटातही तेच. गाड्यांची रांग, पहिला-दुसरा गिअर, एसी चालू आणि समोरून वारा नाही. सपाट रस्त्यावर खपून गेलेलं दुर्लक्ष अशा चढावर उघडं पडतं. महिन्यातून पाच मिनिटं कूलंटकडे बघितलं तर यातल्या कितीतरी गाड्या थांबणार नाहीत.

कूलंट करतं काय?

इंधन जळून जी उष्णता तयार होते, तिचा साधारण तिसरा हिस्सा कूलंटला वाहून न्यावा लागतो. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक आणि वरचा म्हणजे हेड, त्यांच्यातून फिरून ते रेडिएटरमध्ये येतं, तिथे थंड होतं आणि परत आत जातं. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट हा रस्ता बंद ठेवतो. बहुतेक गाड्यांत तो ८२ ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडायला लागतो.

कूलंट म्हणजे पाणी, इथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायनं. पाणी आणि ग्लायकॉल निम्मं-निम्मं असेल तर ते मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं आणि सुमारे १०८ अंशांना उकळतं. रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं आतला दाब धरून ठेवतं, त्यामुळे उकळण्याचं तापमान सव्वाशेच्याही पुढे जातं. झाकणाचं रबर चिरलं किंवा स्प्रिंग सैल पडली की हा फायदा गेला. गाडी वारंवार तापत असेल तर मोठा खर्च काढण्याआधी हे स्वस्तातलं झाकण तपासून घ्या.

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, साधं पाणी चालतंय की," हे गावोगाव ऐकू येतं. गोठण्याची भीती आपल्याला नाही, हे खरंच. पण कूलंटमधली गंजरोधक रसायनं इथेही तितकीच लागतात. आत ॲल्युमिनियम आहे, लोखंड आहे, पंपाचं सील आहे. नुसत्या पाण्याने लोखंड गंजतं, ॲल्युमिनियमला खड्डे पडतात. त्यात जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या बाजूचं बोअरचं जड पाणी असेल तर क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. नळ्या अरुंद होतात आणि काही वर्षांनी मेकॅनिक सांगतो, रेडिएटर बदला.

दर महिन्याला काय बघायचं?

सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी घ्या. ती सपाट जागेवर असू द्या. बॉनेट उघडून कूलंटची अर्धपारदर्शक बाटली शोधा. पातळी 'मिन' आणि 'मॅक्स' या दोन खुणांच्या मध्ये हवी. तापल्यावर कूलंट फुगतं, म्हणून मॅक्सच्या वर भरू नका.

पातळीइतकाच रंगही बघा. स्वच्छ हिरवं, गुलाबी, लाल, निळं, काहीही असो, ते पारदर्शक हवं. तांबूस गढूळ झालं असेल तर आत गंज आहे. वर तेलाचा तवंग असेल, किंवा इंजिन ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसत असेल, तर हेड गॅस्केटची, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या सीलची, शंका घ्या आणि गाडी न चालवता मेकॅनिकला बोलवा. मात्र थंडीत अगदी जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या झाकणाला थोडा फेस येऊ शकतो, एवढ्यावरून घाबरू नका.

रेडिएटरला जोडलेले रबरी होस पाइप दाबून बघा. फार मऊ पडलेला, फुगलेला किंवा चिरा गेलेला पाइप घाटाआधीच बदला. पार्किंगमध्ये गाडीखाली ओल दिसली तर बोटाने बघा. एसीचं पाणी नितळ असतं, कूलंट रंगीत आणि बुळबुळीत लागतं. त्यानंतर हात साबणाने धुवा.

ऊसतोडीच्या हंगामात आणखी एक काम वाढतं. पाचटाचा भुसा, धूळ, किडे रेडिएटरच्या आणि एसीच्या जाळीत अडकतात. इंजिन गार असताना हलक्या धारेने जाळी धुवा. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला तर पातळ पत्रे वाकतात.

भर घालताना

रंगावरून कूलंट ओळखू नका. रंग कंपनीगणिक बदलतो आणि एकाच रंगाच्या दोन बाटल्यांत वेगवेगळी रसायनं असू शकतात. न जुळणारी कूलंट एकत्र झाली तर गंजरोधकांचा जोर कमी होतो, कधी गाळ धरतो. गाडीच्या माहितीपुस्तिकेत जो प्रकार दिलाय तोच आणा.

बाटली तयार मिश्रणाची आहे की घट्ट कूलंटची, हे वाचून घ्या. तयार मिश्रणात पाणी घालायचं नाही. घट्ट असेल तर बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर निम्मं मिसळा. घरच्या फिल्टरच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात, त्यामुळे ते टाळावं. पाणी न मिसळता नुसतं घट्ट कूलंट भरणंही चूक, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे.

दर महिन्याला भर घालावी लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती शोधा.

पूर्ण बदलताना

ग्लायकॉल जुनं झालं की आम्लं तयार होतात आणि गंजरोधक संपत जातात. म्हणून पातळी ठीक असली तरी कूलंट बदलावंच लागतं. जुन्या पद्धतीच्या कूलंटला साधारण दोन वर्षं, दीर्घकाळ टिकणाऱ्याला पाच वर्षांच्या आसपास. नेमकी मुदत पुस्तिकेतली पाळा.

हे काम गॅरेजमध्येच करून घ्या, पण शेजारी उभे राहा. गार इंजिनातून जुनं कूलंट काढायचं, डिस्टिल्ड वॉटर भरून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा रिकामं करायचं. थोडं पाणी ब्लॉकमध्ये उरतंच. त्यामुळे एकूण क्षमता पाच लिटर असेल तर आधी अडीच लिटर घट्ट कूलंट ओतायचं आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरायची, म्हणजे प्रमाण बरोबर येतं. शेवटी हीटर पूर्ण गरमवर ठेवून आतली हवा काढायची. हवेचा बुडबुडा अडकला तर नवं कूलंट असूनही गाडी तापते.

घाटात तापमानाचा लाल दिवा लागला तर

एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात. सुरक्षित जागा दिसताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा, धोक्याचे दिवे लावा. वाफ येत असेल तर बॉनेटलाही लगेच हात लावू नका. झाकण उघडण्याची घाई तर अजिबात नको, उकळतं कूलंट अंगावर उडून गंभीर भाजतं. इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक फिरू शकतो, म्हणून हात दूर ठेवा.

निदान अर्धा-पाऊण तास थांबा. रेडिएटरचा वरचा पाइप हाताला गार लागला की झाकणावर जाड कापड धरून सावकाश फिरवा. जवळ कूलंट नसेल तर साधं पाणी घालायला हरकत नाही, पण तापलेल्या इंजिनात किंवा इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. साधं पाणी घातलं असेल तर गळती काढून कूलंट लवकरात लवकर बदलून घ्या.

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात, लहान मुलंही पिऊ शकतात. सांडलेलं लगेच धुऊन पुसा, उरलेलं मूळ डब्यातच कुलपात ठेवा, पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीच नाही. काढलेलं जुनं कूलंट गटारात, विहिरीजवळ किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. डब्यात भरून ते घेणाऱ्या गॅरेजकडे द्या.