बीकरात टाकलेलं पावडरीत उतरतं: फोटोकॅटॅलिस्ट बनवताना या चुका टाळा

कृती तीच, तापमान तेच, वेळही तोच. तरी या वेळची फोटोकॅटॅलिस्टची, म्हणजे प्रकाश पडला की प्रदूषक मोडणाऱ्या उत्प्रेरकाची, पावडर पाण्यातल्या रंगद्रव्याला हात लावत नाही. अशा वेळी बहुतेक जण दिव्याला किंवा भट्टीला दोष देतात. माझा पहिला प्रश्न असतो, या खेपेला बाटली कोणती उघडली? झिंक ऑक्साइड असो वा टायटॅनियम डायऑक्साइड, घटक फक्त धातू पुरवून बाजूला होत नाहीत. कणाचा आकार, स्फटिकाची जात आणि पृष्ठभागावर काय चिकटून राहणार, हे त्यांच्यावरच ठरतं.

सगळ्यात जास्त घोळ ‘झिंकचा कुठलाही क्षार चालेल’ या समजुतीने होतो. झिंक नायट्रेट आणि हेक्झामिन (तापल्यावर हळूहळू अल्कली सोडणारं सेंद्रिय संयुग) घेऊन ९० अंशांच्या आसपास तापवलं की षटकोनी दांड्या वाढतात. त्याच द्रावणात थोडं सायट्रेट घातलं तर ते दांडीच्या टोकाच्या पृष्ठाला चिकटतं, लांबी वाढणं थांबतं आणि चपट्या चकत्या मिळतात. झिंक क्लोराइड घेऊन अल्कली कमी पडली तर झिंक ऑक्साइडऐवजी झिंक हायड्रॉक्सी-क्लोराइडच खाली बसतं. हे ओळखायचं कसं? तांब्याच्या क्ष-किरण नळीवर घेतलेल्या एक्सआरडीत (स्फटिकाची रचना ओळखणाऱ्या क्ष-किरण चाचणीत) झिंक ऑक्साइडचं पहिलं ठळक शिखर ३१.८ अंशांजवळ येतं. त्याच्या बरंच आधी, ११ अंशांजवळ शिखर दिसलं तर समजा, क्लोराइड अजून जाळीत बसलेलं आहे. नुसत्या पृष्ठभागावर राहिलेल्या क्लोराइडसाठी सोपी चाचणी पुरते: धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका आणि पांढुरका गढूळपणा थांबेपर्यंत धूत राहा. ‘तीनदा धुतलं’ असं वहीत लिहिण्यापेक्षा ‘गढूळपणा थांबेपर्यंत धुतलं’ हे लिहिणं कितीतरी उपयोगाचं.

अल्कली म्हणून लागणारं सोडियम हायड्रॉक्साइड संपलं म्हणून अमोनिया वापरणं हीसुद्धा छोटी अदलाबदल नाही. जास्त अमोनियात झिंक संकुल बनून द्रावणात परत विरघळतं; उत्पादन घटतं आणि कणांचा आकारही बदलतो. उलट बाजूने सोडियमची अडचण वेगळीच आहे. ईडीएक्समध्ये (नमुन्यातली मूलद्रव्यं त्यांच्या क्ष-किरणांवरून ओळखणाऱ्या चाचणीत) सोडियमची रेषा झिंकच्या ‘एल’ नावाच्या रेषेला जवळजवळ चिकटून येते, त्यामुळे झिंक ऑक्साइडच्या नमुन्यात ‘सोडियम दिसत नाही’ या वाक्यावर विसंबू नका. टायटॅनेटच्या नळ्या करताना तर १० मोलर सोडियम हायड्रॉक्साइड वापरतात. तिथे सौम्य आम्लाने नीट धुतलं नाही तर तापवल्यावर ॲनाटेजऐवजी (टायटॅनियम डायऑक्साइडच्या हव्या असलेल्या स्फटिक-प्रकाराऐवजी) सोडियम टायटॅनेट हाती येतं.

टायटॅनियम डायऑक्साइड बनवायला वापरलं जाणारं टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड पाण्याशी प्रक्रिया करायला अतिशय उतावीळ असतं. त्यात थेट पाणी ओतलं की क्षणात पांढऱ्या गुठळ्या होतात. त्या अस्फटिक असतात आणि प्रकाशात जवळजवळ निष्क्रिय. आधी निर्जल अल्कोहोलमध्ये मिसळा, असिटिक आम्ल किंवा असिटिलॲसिटोनने टायटॅनियमला जखडून घ्या, मग पाणी थेंबाथेंबाने सोडा. अर्धी वापरलेली बाटली दमट हवेत उघडी राहिली असेल, तोंडाशी पांढरा थर दिसत असेल, तर ती बाजूला ठेवलेलीच बरी. एक सावधगिरी मात्र हवी. असिटिलॲसिटोनमुळे द्रावण पिवळं होतं आणि कमी तापवलेल्या पावडरीतही तो रंग राहतो. शुद्ध ॲनाटेजचा बँड गॅप (प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, म्हणजे ते साधारण ३८७ नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश शोषत नाही. पिवळा रंग बघून ‘बँड गॅप कमी झाला’ असं लिहिण्याआधी तो रंग उरलेल्या कार्बनी पदार्थाचा नाही ना, हे तपासाच.

हीच गोष्ट कणांना आकार देण्यासाठी घालतात त्या सीटॅब (साबणासारखा पदार्थ) आणि पीव्हीपीची (एक पॉलिमर). आकार सुंदर येतो, पण ज्या पृष्ठावर प्रक्रिया व्हायची तेच झाकलं जातं. आयआरमध्ये (अवरक्त प्रकाशाच्या चाचणीत) २९२० आणि २८५० प्रति सेंटिमीटरला सेंद्रिय पदार्थाची शिखरं टिकून असतील तर धुणं अपुरं आहे. त्यावर ‘आणखी तापवू’ हा उपाय घाईने करू नका. ४०० ते ५०० अंशांत बहुतेक सेंद्रिय भाग जळतो, पण तापमान आणखी चढवलं की कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, पृष्ठफळ घटतं आणि ॲनाटेजचं रूटाइल, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचाच दुसरा स्फटिक-प्रकार, होऊ लागतं.

ॲनाटेजच्या स्फटिकाची शून्य-शून्य-एक (००१) या क्रमांकाने ओळखली जाणारी पृष्ठं उघडी ठेवण्यासाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरण्याची पद्धत २००८ नंतर फार पसरली. फ्लोराइड पृष्ठावर तसंच उरतं, म्हणून मिळालेली सक्रियता पृष्ठाची की फ्लोराइडची, हे वेगळं करायला काही नमुना पातळ सोडियम हायड्रॉक्साइडने धुऊन पुन्हा मोजा. आणि हे आम्ल कातडीतून आत शिरतं. प्रशिक्षित माणूस आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी नसेल तर हा प्रयोग करूच नका.

शेवटी मोजणी. चाचणीसाठी नेहमी वापरलं जाणारं मिथिलीन ब्लू हे निळं रंगद्रव्य स्वतःच दृश्य प्रकाश शोषतं आणि उत्प्रेरकाशिवायही थोडं फिकं होतं. त्यामुळे अंधारातला नमुना, उत्प्रेरकाविना नमुना आणि फिनॉलसारखं रंगहीन प्रदूषक, या तिन्हींशिवाय दोन घटकांची तुलना करू नये. घटक बदलायचा तर एका वेळी एकच बदला, आणि वहीत रसायनाच्या नावापुढे त्याचा बॅच क्रमांक आणि बाटली उघडल्याची तारीख लिहा.