तटस्थ कोण अन् मध्यस्थ कोण, बातमीतून कसं ओळखायचं

अभ्यासिकेतल्या पोरांनो, परवा तुम्ही म्हणून राहिले होते की तटस्थ देश म्हणजे भांडण लागलं की काठावरून पाहत बसणारा, तं तसं नाही भाऊ, अन् मी हे काही पेपरसाठी सांगत नाही, युद्धाच्या बातम्या रोज येऊन राहिल्या, त्या नीट समजाव्या म्हणून लिहितो.

आधी कागद पाहा. धुऱ्याच्या भांडणात आपण मोजणीचा नकाशा मागतो ना, तसंच. स्वित्झर्लंडची तटस्थता १८१५ मध्ये युरोपातल्या मोठ्या सत्तांनी लेखी मान्य केली, ऑस्ट्रियानं १९५५ मध्ये कायदाच केला. १९०७ च्या हेग करारात लिहून आहे की तटस्थ देशानं लढणाऱ्या कोणाचंच सैन्य आपल्या जमिनीवरून जाऊ द्यायचं नाही. एखादा नेता माईकवर "आम्ही कोणाच्याच बाजूनं नाही" बोलला, तेवढ्यानं होत नाही.

मंग राखण पाहा. बेल्जियमकडं १८३९ चा करार होता, तरी १९१४ मध्ये जर्मनीचं सैन्य घुसलंच. नुसत्या सातबाऱ्यानं रानडुक्कर थांबते का? म्हणून तं स्विस पोरांना आजही सक्तीची सैनिकी सेवा आहे. अन् युक्रेनवर हल्ला झाल्यावर आधी कोणत्याच लष्करी गटात नसलेले फिनलंड २०२३ मध्ये अन् स्वीडन २०२४ मध्ये नाटो या लष्करी गटात गेले.

आता खरी गोष्ट, इथंच सगळे चुकतात: तटस्थ वेगळा, मध्यस्थ वेगळा. कतारमध्ये अमेरिकेचा मोठा हवाई तळ, तालिबानचं ऑफिसही तिथंच, तो तटस्थ कुठून आला, पण अमेरिका अन् तालिबान दोघंही त्याच्या ओसरीवर बसायला तयार होते म्हणून त्यांचा २०२० चा करार कतारच्या राजधानीत, दोह्यात झाला. आमच्या शेजारी दोन भावांचं धुरा कोरल्यावरून जुंपलं होतं, ते मिटवणारा बुढा दोघांचाही सख्खा मामा, दोघांच्याही घरी चहा पेला, दोरीचं एक टोक स्वतः धरलं, दुसरं दोघांना आळीपाळीनं धरायला लावलं, अन् दगड रोवेस्तोवर धुऱ्यावरून हलला नाही.

आपला देशही समजून घ्या, आपण अलिप्त होतो, म्हणजे अमेरिकेच्या अन् रशियाच्या दोन्ही गटांबाहेर, स्विससारखे तटस्थ नाही. तरी १९५३ मध्ये कोरियात जे युद्धकैदी घरी परतायला तयार नव्हते त्यांच्यासाठी पाच देशांचा आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष आपले जनरल थिमय्या, अन् २२ हजारांवर कैद्यांची राखण एकट्या भारतीय सैन्यानं केली. दोन्ही बाजू आपल्यावर चिडून होत्या, तरी पोरं जागची हलली नाहीत. शेवटी दोन्हीकडं जायला नाही म्हणणारे काही कैदी आपल्याच सैन्यासोबत जहाजानं भारतात आले.

तं उद्यापासून बातमी वाचताना वहीत तीनच गोष्टी टिपा, कागद कोणता, राखण कोणाची, अन् ओसरीवर दोघंही येतात का. तिसरीचं उत्तर बातमीच्या पार खालच्या ओळीत सापडते, पेपर तिथवर वाचत जा.