नवं बँक खातं उघडताना कोणता कागद पुढे करायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा

भाचीला वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये नोकरी लागली, पगारासाठी खातं हवं, म्हणून चवथीच्या आधल्या आठवड्यात तिला घेऊन फोंड्याला गेलो. बँकेत शिरायच्या आधीच झेरॉक्सच्या दुकानात ही गर्दी, आणि दुकानदार मान वर न करता प्रत्येकाला एकच सांगत होता, "व्हॉट्सॲपवर धाडा, प्रिंट देतो." आमच्या पुढच्या बाईने आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान असं सगळं त्याच्या नंबरवर पाठवलं, प्रिंट घेतली, पैसे दिले, गेली. तिचं आधार मात्र स्क्रीनवर तसंच उघडं. बाजूला डाऊनलोडचा फोल्डर, त्यात सकाळपासून आलेल्यांची आधारं ओळीने लागलेली, आणि मी नुसता उभ्या उभ्या चार जणांच्या जन्मतारखा वाचून काढल्या. दुकानदार वाईट माणूस नव्हे हो, त्याला वेळच नाही डिलीट करायला.

तर पहिली गोष्ट ही, की झेरॉक्स मशीनवर ठेवून काढायची, फोनवरून पाठवून नाही. खरं तर मूळ कागद घेऊन थेट शाखेत जा, मूळ बघून कॉपीवर 'ओरिजिनल पाहिलं' असा शेरा मारायचा असतो तो बँकेलाच, आणि बऱ्याच शाखांत मशीन असतंच, गोड बोललं तर काढून देतात. बाहेरच काढावी लागली तर घरून निघतानाच काळं पेन खिशात ठेवा. कॉपीवर आडवं लिहायचं, 'फक्त अमुक बँक, अमुक शाखा, बचत खातं उघडण्यासाठी', खाली तारीख आणि सही, आणि सही अर्धी फोटोवर अर्धी कागदावर. नाव-पत्ता झाकू नका, नाहीतर कॉपी परत येईल. ही कॉपी उद्या कोणी सिमकार्डासाठी वापरायला गेला तर निदान त्याला जड जाईल. एखादी कॉपी काळी आली, तिरकी आली तर ती तिथल्या डब्यात न टाकता घरी आणून फाडा, लोक इथेच चुकतात.

आता आधारचं. "आधार नाही तर खातं नाही" असं काउंटरवर अजून सर्रास ऐकू येतं. सुप्रीम कोर्टाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात बँक खात्याला आधार जोडायची सक्ती रद्द केली, नंतर २०१९ च्या दुरुस्तीने बँकांना आधार वापरता येतं पण ग्राहकाच्या मर्जीने. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवायच्या, नियमांत पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार कार्ड, रोजगार हमीचं जॉब कार्ड हेही चालतं, शिवाय पॅन लागतं आणि पॅन नसेल तर त्याऐवजी एक घोषणापत्र. भाचीकडे पासपोर्ट होता, तो दिला, काम झालं. थोडं कुरकुरले, सिस्टीममध्ये आधारनेच लवकर होतं म्हणाले, ते खरंही आहे, पण लवकर होणं वेगळं आणि सक्ती वेगळी. मात्र घरात कोणाला गोवा सरकारच्या गृह आधार किंवा दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसारखे सरकारी पैसे खात्यात येणार असतील तर तिथे आधारावर वाद घालत बसू नका, सरकारी लाभासाठी आधार मागायला कायद्यात जागा आहे.

आधारच द्यायचं ठरलं तर मास्क्ड आधार द्या. मायआधारच्या साईटवरून उतरवतानाच तसा पर्याय येतो, बारा आकड्यांतले पहिले आठ झाकलेले, शेवटचे चार दिसतात. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या ऑफिसने लोकांना हेच सांगितलं होतं, झेरॉक्स वाटत फिरू नका, मास्क्ड वापरा, आणि मग लोक घाबरतील म्हणून दोन दिवसांत दिल्लीहून तो सल्ला मागे घेतला! सल्ला मागे गेला, सोय अजून आहे. आणि एक, त्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निश्चिंत राहू नका. तो म्हणजे तुमच्या नावाची इंग्रजीतली पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. तुम्हाला शाळेपासून ओळखणारा कोणीही ती फाईल उघडेल.

अंगठा देऊन केवायसी करायला सांगितलं तर तेही चालतं, पण घरी आल्यावर त्याच साईटवर बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. जमिनीच्या दस्तांवरच्या अंगठ्यांवरून नकली ठसे बनवून आधारवाल्या मशीनमधून पैसे काढल्याची प्रकरणं देशात झालीत, आणि आपल्या गोव्यात तर एकेका घराच्या दस्तावर दहा-दहा वाटेकऱ्यांचे अंगठे. लॉक केलं तर गरजेपुरतं उघडता येतं. तिथेच तुमचं आधार कधी कधी वापरलं गेलं त्याचा मागच्या सहा महिन्यांचा हिशेबही दिसतो.

पत्त्याच्या पुराव्याची आपल्याकडची गंमत वेगळीच. वीज बिल आजोबांच्या नावावर, घरपट्टी पणजोबांच्या, आणि ते दोघेही कधीच गेलेले. मग लोक काय करतात, सापडेल ते सगळं नेऊन टाकतात, जुना विभाजनाचा कागद, काकाचं रेशनकार्ड, म्हणजे बँकेला सबंध कुटुंबाची कुंडली आयतीच. गरज नसते. पासपोर्ट, लायसन्स किंवा मतदार कार्डावर आताचा पत्ता असेल तर तोच पुरावा, वेगळा कागद नको. नसेल तर दोन महिन्यांच्या आतलं वीज, पाणी, फोनचं बिल किंवा घरपट्टीची पावती तात्पुरती चालते, पण तीन महिन्यांत ओळखपत्रावरचा पत्ता बदलून द्यावा लागतो. आधारची ई-केवायसी केली असेल आणि सध्या राहता दुसरीकडे, तर स्वतः लिहून दिलेला पत्ताही चालतो.

आता खरा घोळ, फॉर्म. आमच्या हातात दिला तो बरीच पानं लांब, आणि क्लार्क म्हणतो, "बाय, खुणा केल्यात तिथे सह्या कर, बाकी आम्ही भरतो." नाही! कोऱ्या फॉर्मावर सही करू नका, सगळा भरून घ्या आणि मग सही. वेळ लागला तर लागू दे, भाचीला तर तासभर लागला आणि मागच्या बाकावरची माणसं उसासे टाकायला लागली.

आम्ही पेन घेऊन ओळ न् ओळ वाचली. नाव, जन्मतारीख, आईवडिलांचं नाव, व्यवसाय, उत्पन्नाचा गट, हे केवायसीत येतं, भरावं लागतं. धर्माचा रकाना आला तर डिसेंबर २०१९ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलंय की भारतीय नागरिकाला खात्यासाठी किंवा केवायसीसाठी धर्म सांगायची गरज नाही, तो रिकामा सोडा. घरात गाडी आहे का, कोणकोणती कर्जं आहेत, नातेवाईक परदेशात आहेत का, अशी जादा माहिती हवी असेल तर ती बँकेने वेगळी, तुमच्या संमतीने घ्यायची असते. रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे की खात्यासाठी घेतलेली माहिती गुप्त ठेवायची आणि परवानगीशिवाय दुसऱ्या वस्तू गळ्यात मारायला वापरायची नाही.

मग ही परवानगी लपलेली असते कुठे, तर शेवटून दुसऱ्या पानावर, तांदळाएवढ्या अक्षरांत. 'मी बँकेला व तिच्या समूह कंपन्यांना आणि इतर भागीदारांना उत्पादनांविषयी संपर्क करण्यास संमती देतो'. आमच्या फॉर्मावर त्या चौकोनात बरोबरची खूण आधीच छापून आली होती. आम्ही ती खोडली, बाजूला 'संमती नाही' लिहिलं, सही केली. क्लार्क जरा बघत राहिला, पण खातं उघडलं. मागे माझ्या स्वतःच्या एका खात्यात हे वाचायचं राहिलं होतं, तर चौथ्या दिवसापासून विम्याचे फोन, आणि फोनवाल्याला माझी जन्मतारीख पाठ. त्याच पानावर क्रेडिट कार्डासाठीही चौकोन असतो. कार्ड नको असेल तर तिथे हात लावू नका, अर्ज झाला की तुमची क्रेडिट चौकशी होते आणि ती सिबिलसारख्या, लोकांच्या कर्जांचा हिशेब ठेवणाऱ्या कंपनीच्या नोंदीत बसते. तशा चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट मिळतो, खातं उघडल्यावर एकदा तपासून बघा.

विदेशी कराचं घोषणापत्र फाडफाड सही करून देऊ नका, तेही वाचा. आपल्याकडे पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनमध्ये जन्मनोंद केलेले, तारवटी म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, गल्फवाले अशी माणसं घरोघरी, आणि त्यात विचारतात तुम्ही दुसऱ्या कुठल्या देशात कर भरता का. लिस्बनला नोंद आहे म्हणून आपोआप तिथले करदाते होत नाही, पण जे आहे ते खरं लिहा, इथे गुप्तता म्हणून लपवाछपवी केली तर अंगाशी येते.

मोबाईल नंबर स्वतःचाच. भाचीच्या मैत्रिणीने पहिलं खातं उघडलं तेव्हा बाबांचा नंबर दिला, आता पगार जमा झाला की मेसेज बाबांना, एटीएममधून पाचशे काढले की मेसेज बाबांना, आणि ओटीपी लागला की "बाबा, जरा बघा ना". प्रायव्हसी म्हटलं की लोक हॅकर आठवतात, घरातल्यांचं कोणाला आठवत नाही. नॉमिनीचंही तसंच. नॉमिनी जरूर करा, आता चार जणांपर्यंत करता येतात, पण पासबुकावर त्यांचं नाव छापायचं की नुसतं 'नॉमिनेशन नोंदवलं' एवढंच, हे तुम्ही ठरवायचं. पासबुक देवघराच्या खणात पडून असतं आणि सगळं घर ते उघडतं, तेव्हा विचार करून सांगा.

कार्ड आणि चेकबुक पोस्टाने मागवत असाल तर आपला पोस्टमन पाकीट कुठे ठेवतो ते आठवा. आमच्या वाड्यावर तो नाक्यावरच्या दुकानात ठेवून जातो, तिथून शेजारी उचलतो, आणि दोन दिवसांनी आपल्याला कळतं. शाखेतून घ्यायचं सांगा. स्टेटमेंट ईमेलवर.

घरबसल्या मोबाईलवरून खातं उघडणार असाल तर नुसत्या आधार ओटीपीवर उघडलेल्या खात्यात एक लाखाच्या वर शिल्लक आणि वर्षाला दोन लाखांच्या वर जमा चालत नाही, आणि वर्षाच्या आत पुरती केवायसी करावी लागते. व्हिडिओ केवायसी घरात, दार लावून करा, पणजीच्या कॅफेत बसून पॅन कॅमेऱ्यासमोर धरू नका. घरी टॅब घेऊन बँकेचा माणूस आला तर फोटो बँकेच्या ॲपमध्येच काढायचे, त्याने स्वतःच्या फोनची गॅलरी उघडली की "बाब, हे ॲपमधून काढा" म्हणायचं, लाजायचं नाही. आणि "डॉक्युमेंट माझ्या नंबरवर टाका, लवकर करून देतो" म्हणणाऱ्याला नाहीच.

जाहिरातीचे फोन तरीही आले तर १९०९ वर डीएनडी, म्हणजे असे फोन नकोत अशी नोंद, करा, बँकेकडे लेखी द्या, तारीख-शिक्का मारलेली पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार होते, १४४४८ वर विचारताही येतं. फसवणुकीत पैसे गेले तर मात्र थेट सायबर हेल्पलाईन १९३०, तिथे तासाभराचाही उशीर महाग पडतो. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण संमतीचा मुख्य भाग लागू व्हायला नियम आल्यापासून दीड वर्षाची मुदत दिलीय, म्हणून सध्या तरी लेखी पोच हेच हत्यार.

भाचीचं कार्ड शाखेत आलं तेव्हा ती पुन्हा त्याच झेरॉक्सवाल्याकडे गेली होती, दुसऱ्याच कामाने. या वेळी मूळ कागद मशीनवर ठेवायला लावला. तो म्हणाला, "मेसेज कर गो, सोपं पडतं." तिने सांगितलं, "तुम्हाला सोपं, मला नाही."